परड्यातल्या कोंबड्यांच्या उवा आणि लाल माइट: नव्याने पाळणाऱ्यांसाठी

रात्री नऊनंतर, कोंबड्या दांड्यावर डोळे मिटून बसल्या की, हातात बॅटरी आणि एक पांढरं फडकं घेऊन खुराड्यात जा. दांड्याच्या खालच्या अंगाने फडकं दाबून एकदा शेवटपर्यंत फिरवा आणि उजेडात बघा. फडक्यावर तांबडे बारीक फराटे उमटले असतील, तर तुमच्या कोंबड्यांचं रक्त रोज रात्री लाल माइट, म्हणजे डोळ्यांना जेमतेम दिसणारा एक किडा, पितोय. दिवसा खुराडं झाडताना हे दिसत नाही. म्हणूनच नव्याने कोंबड्या पाळणारे "आमच्याकडे काही नाही" असं सांगतात आणि महिनाभराने अंडी का कमी झाली म्हणून विचारत येतात.

मला हे कळलं ते नुकसान झाल्यावर. आमचं घर बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, पावसाच्या पट्ट्यात. एका वर्षी मी जिन्याखाली डालग्यात एक गावठी कोंबडी ११ अंड्यांवर बसवली होती. सोळाव्या दिवशी ती उठून गेली आणि परत बसेना. आज्जीने अंडी बघायला डालग्यात हात घातला आणि लगेच बाहेर काढला. मनगटापासून कोपरापर्यंत राखेसारखं काहीतरी सरकत होतं. मोहरीपेक्षाही लहान, काही करडे, काही रक्त पिऊन लालभडक. डालग्याच्या विणीत, जिथे बांबूच्या कामट्या एकमेकींवर चढतात, तिथे त्यांचे थरच्या थर होते. बिचारी कोंबडी १५ दिवस तशीच बसून होती. तिचा तुरा पांढुरका पडला होता. एकही पिल्लू निघालं नाही.

तेव्हापासून जे शिकले ते इथे सांगते. बहुतेक गोष्टी घरात असलेल्या वस्तूंनी होतात.

आधी ओळखा, कोण कुठे राहतं

गावात सगळ्यांनाच पिसवा म्हणायची सवय आहे. पण उपाय लागू पडायचा तर वेगवेगळे ओळखावे लागतात, कारण एकाचा मुक्काम कोंबडीच्या अंगावर असतो आणि दुसऱ्याचा खुराड्यात.

ऊ सगळा जन्म कोंबडीच्या अंगावरच काढते. पिसं आणि कातडीचा कोंडा खाते, काही जातीच्या उवा कातडी कुरतडून रक्तही घेतात. लिखा पिसांच्या बुडाशी पांढऱ्या गुठळीसारख्या चिकटवते. अंगावरून खाली पडली तर आठवडाभरात मरते. कोंबडीची ऊ माणसाच्या डोक्यात राहत नाही, तेव्हा मुलांनी कोंबडीला हात लावला म्हणून घाबरू नका.

लाल माइटचं उलटं आहे. तो दिवसभर दांड्याच्या फटीत, विणीत, कौलाखालच्या लाकडात लपतो आणि रात्रीच बाहेर येतो. उष्ण दिवसांत आठ-दहा दिवसांत त्याची एक पिढी तयार होते. खुराडं रिकामं ठेवलं तरी तो महिनोन्‌महिने उपाशी टिकतो. म्हणून जुनं, बंद पडलेलं खुराडं विकत घेतलं असेल तर त्यात कीड नसेलच असं धरून चालू नका. हा माणसालाही चावतो, खाज सुटते, पण आपल्या अंगावर घर करत नाही. दुसरा एक माइट मात्र कोंबडीच्या अंगावरच, शेपटीखाली राहतो. तिथली पिसं काळपट, चिकट दिसायला लागली तर तो समजा.

तिसरी गोचीड. ही भिंतीच्या भेगांत आणि झाडाच्या सालीत राहते. ज्यांच्या कोंबड्या रात्री फणसावर, आंब्यावर चढून बसतात त्यांनी हिच्यावर नजर ठेवावी. तिची पिल्लं पंखाखाली काळसर निळे दाणे चिकटल्यासारखी दिसतात. ही रक्त तर पितेच, शिवाय कोंबड्यांना ताप आणि हिरवी हगवण लावणारा रोगही पसरवते.

चौथा माइट पायांच्या खवल्यांखाली घुसतो. त्याचं नंतर सांगते.

पंधरा दिवसांनी एकदा कोंबडी हातात घ्या

संध्याकाळी कोंबड्या खुराड्यात शिरल्या की एकेक उचला. बगलेत धरा, डोकं मागे आणि शेपूट पुढे येईल अशी. शेपटीखालच्या मऊ पिसांवर फुंकर घाला. पिसं बाजूला होतात आणि कातडी दिसते. गव्हाच्या कोंड्याच्या रंगाचं काही पळताना दिसलं तर ती ऊ. ती उजेडापासून लगेच पळते, त्यामुळे फुंकर घातल्या घातल्या बघावं लागतं. मग पंखाखाली, मानेवर आणि तुऱ्याच्या मागे बघा. लहान पिल्लांच्या डोक्यावर आधी बघा.

हातात घेतल्यावर वजनही कळतं. छातीचं हाड टोचायला लागलं असेल तर कोंबडी खंगत चालली आहे. तुरा फिकट होणं, सतत चोचीने अंग खाजवणं, संध्याकाळी खुराड्यात जायला कां-कूं करणं, अंडी घालायची नेहमीची जागा सोडून भलतीकडे घालणं, ही सगळी लक्षणं आहेत. यातलं शेवटचं मी फार महत्त्वाचं मानते. कोंबडी जागा उगाच बदलत नाही.

मातीची आंघोळ

कोंबडी स्वतःची स्वच्छता स्वतः करते. तिला फक्त कोरडी, भुसभुशीत माती हवी. ती खड्डा करून बसते, पायाने माती अंगावर उडवते, पिसं फुलवून ती कातडीपर्यंत पोचवते, दहा-पंधरा मिनिटं पडून राहते आणि मग उठून एकदाच जोरात झाडते. बारीक धूळ उवांच्या अंगावरचा मेणासारखा थर खरवडते आणि शोषून घेते, त्यामुळे त्या सुकून मरतात. हे रोज होत असेल तर उवा वाढायला वावच मिळत नाही. म्हणून माझं पहिलं सांगणं हेच, की औषध शोधायच्या आधी मातीची सोय बघा.

मोकळ्या कोंबड्या स्वतःच जागा शोधतात, पण आता परड्यात फरशी आणि सिमेंट आलं आहे. तिथे आपण जागा करून द्यायला हवी. पाच-सहा कोंबड्यांना दोन फूट लांब, दोन फूट रुंद आणि वीतभर खोल जागा पुरते. ट्रकचा जुना टायर आडवा टाकला तरी चालतो, फुटकं घमेलं दोन कोंबड्यांना पुरतं. वर छप्पर हवंच. पत्र्याचा तुकडा चार काठ्यांवर टाकला तरी भागतं, पण पाऊस तिरका येतो त्या बाजूला गोणपाट लावा.

मिश्रण असं: दोन भाग चाळलेली माती, एक भाग बारीक वाळू, एक भाग चुलीची चाळलेली राख. खानापूरकडची तांबडी माती यासाठी उत्तम, ती वाळली की पिठासारखी होते. निपाणी-चिकोडीकडच्या काळ्या मातीची ढेकळं होतात. तिथे वाळू दुप्पट घ्या आणि माती आधी उन्हात वाळवून बडवून घ्या.

राख लाकडाचीच हवी. ज्या चुलीत प्लास्टिकच्या पिशव्या, रंगवलेलं लाकूड किंवा दगडी कोळसा जळतो तिची राख नको, कारण कोंबड्या मातीत चोच मारत असतात. आणि राख ओली झाली तर टाकून द्या. ओल्या राखेचं पाणी झोंबतं, कातडी आणि डोळे जळजळतात. टायरमध्ये एकदा पाणी शिरलं की राख घातलेली सगळी माती काढून नवी भरायची, वाळेल म्हणून वाट बघायची नाही.

उवा आधीच लागल्या असतील तर या मिश्रणात मूठभर गंधकाची भुकटी घालता येते. आमच्या भागात भाजीवरच्या भुरी रोगासाठी गंधक घरात असतंच. उवा आणि माइट दोन्हींवर ते चांगलं चालतं. मात्र मिसळताना तोंडाला फडकं बांधा, डोळ्यांत जाऊ देऊ नका, आणि कोंबड्या आत असताना खुराड्यात गंधक जाळायचा विचारही करू नका. त्या धुराने त्यांचा श्वास कोंडतो.

एक गोष्ट फार कमी लोक सांगतात. मोठ्या फार्मवरच्या, अंडी देऊन झालेल्या कोंबड्या स्वस्तात मिळतात म्हणून आपल्याकडे बरेच जण आणतात. त्यांच्या चोचीचं टोक कापलेलं असतं. चोचीने पिसं विंचरून उवा वेचणं त्यांना नीट जमत नाही, त्यामुळे त्यांच्यावर उवा जास्त होतात. अशा कोंबड्या आणल्या असतील तर त्यांची तपासणी आठवड्याला करा.

खुराडं

माइट आणि गोचिडीशी लढाई खुराड्यातच होते. कोंबडीला कितीही राख चोळा, फटी तशाच राहिल्या तर रात्री सगळे परत येतात.

फटी जितक्या कमी, तितकं चांगलं. आपल्याकडे बसायला बांबू लावायची पद्धत आहे, कारण तो फुकट मिळतो. पण बांबूची टोकं फुटलेली असतात आणि आत पोकळी असते. मी एकदा असा दांडा चिरून बघितला, आतून तो पूर्ण राखाडी झालेला होता. निलगिरीची किंवा बाभळीची सरळ फांदी घ्या आणि साल पूर्ण सोलून काढा. काथ्याने बांधू नका, काथ्याच्या गाठी ही माइटची आवडती जागा. दांडा भिंतीत खोचण्यापेक्षा दोन ठोकळ्यांवर नुसता ठेवा, म्हणजे उचलून उन्हात नेता येतो. ठोकळे तेल घातलेल्या डब्याच्या झाकणात ठेवले तर भिंतीतून येणाऱ्या माइटला दांड्यावर चढता येत नाही. मुंग्यांसाठी आपण कपाटाच्या पायाखाली पाण्याच्या वाट्या ठेवतो, तसंच.

माइट सापडले असतील तर सकाळीच कामाला लागा. सगळं पिंजर, म्हणजे खाली अंथरलेला पेंढा, काढून लांब नेऊन जाळा, शेणखड्ड्यात टाकू नका. दांडे आणि अंड्यांच्या पेट्या बाहेर काढा आणि त्यांच्यावर उकळतं पाणी ओता, प्रत्येक सांध्यात जाईल असं. मग कडक उन्हात दिवसभर. भिंतींच्या भेगा शेण-मातीने लिंपून बुजवा. सारवण वाळलं की पुन्हा बारीक भेगा पडतात, त्यांच्यावर दुसरा हात द्या. त्यावर चुना.

चुना विरवताना चुन्याची कळी पाण्यात हळूहळू घालायची, कळीवर पाणी ओतायचं नाही, कारण तो उकळतो आणि अंगावर उडतो. मुलांना लांब ठेवा. रात्रभर मुरू द्या, गाळा, चिकटपणासाठी मूठभर मीठ घाला आणि दोन हात द्या. पूर्ण वाळेपर्यंत कोंबड्या आत सोडू नका. दिवाळीला घराला रंग देताना खुराड्यालाही चुना देणाऱ्या बायका आमच्या गावात होत्या. तीच वेळ बरोबर आहे, पावसानंतर आणि थंडीच्या आधी. दुसरी वेळ मे महिन्यात.

दांड्यांसाठी एक लिटर कोमट पाण्यात १० मिलीलिटर कडुलिंबाचं तेल आणि थोडा साबण घालून फवारा, किंवा करंजाचं तेल चिंधीने पुसा. हे सगळं एकदा करून भागत नाही. माइटची अंडी यातून वाचतात आणि आठवड्यात नवी पिढी निघते. म्हणून सातव्या दिवशी पुन्हा, चौदाव्या दिवशी पुन्हा.

मधल्या दिवसांत पुठ्ठ्याचा सापळा लावा. खोक्याचा नळ्या-नळ्यांचा पुठ्ठा घ्या, वीतभर लांब पट्टी कापून दांड्याच्या खालच्या बाजूला अडकवा. माइट दिवसा त्यात लपायला येतात. तिसऱ्या दिवशी पट्टी काढून तशीच चुलीत टाका. पट्टीत किती निघाले त्यावरून कीड कमी होते आहे की नाही हेही कळतं.

खुडूक कोंबडीची वेगळी काळजी

२१ दिवस अंडी उबवत एका जागी बसलेली कोंबडी ही या सगळ्यांना मेजवानी असते. ती अंघोळीला उठत नाही, अंग उबदार, जागा अंधारी.

बसवायच्या आधी तिला तपासा. उवा असतील तर आधी त्या घालवा, मग अंडी द्या. बसवायच्या दोन दिवस आधी चाळलेली राख आणि थोडी वेखंडाची पूड पंखाखाली आणि शेपटीखाली हलक्या हाताने चोळा, डोळे-नाक सांभाळून. डालग्याऐवजी मी आता मातीची पसरट परात वापरते. खानापूर हे कुंभारकामाचं गाव, तिथे अशी भांडी सहज मिळतात आणि त्यांना फटी नसतात. तळाला बोटभर राख, त्यावर नवं भाताचं पिंजर, मधे कडुलिंबाचा आणि निरगुडीचा पाला. पाल्याने माइट मरत नाहीत, वासाने थोडे लांब राहतात एवढंच, तेव्हा निव्वळ पाल्यावर विसंबू नका.

रोज एकदा तिला उठवा. पंधरा-वीस मिनिटं दाणापाणी आणि मातीची आंघोळ झाली की ती आपणहून परत येते, अंडी तेवढ्याने गार पडत नाहीत. अठराव्या दिवसानंतर मात्र तिला तिच्या मनासारखं बसू द्या. पिल्लं निघाली की जुनं पिंजर त्याच दिवशी जाळा. पिल्लांच्या अंगाला राख, पूड, तेल काही लावू नका.

पायांचे खवले

खवले वर उचललेले, खडबडीत, पांढुरके दिसले आणि पाय जाड झाले तर आत माइट आहेत. कोमट साबणाच्या पाण्यात पाय पाच-दहा मिनिटं बुडवून ठेवा, जुन्या मऊ ब्रशने हलकेच घासा, पुसून कोरडे करा आणि खोबरेल तेल किंवा व्हॅसलिन भरपूर चोळा. तेलाने आतले माइट गुदमरतात. आठवड्यातून एकदा, तीन-चार वेळा. खवले नखाने उपटू नका, रक्त येतं. नवे खवले यायला महिने लागतात. इतर कोंबड्यांचे पायही बघा, एकमेकींकडून हा पसरतो.

हे करू नका

निपाणी भागात तंबाखूची धूळ आणि काड्या फुकट मिळतात, आणि तंबाखूचं पाणी कोंबड्यांना लावायचा सल्ला अजून कुणीतरी देतंच. उवा मरतात हे खरं आहे, पण निकोटीन कातडीतून कोंबडीच्या आणि आपल्याही अंगात जातं. नैसर्गिक आहे म्हणून ते सौम्य नाही. सीताफळाच्या बियांची पूड तशीच. ती डोळ्यांत गेली तर डोळ्याला गंभीर इजा होते, आणि कोंबडी तर पंख झाडणारच. डांबर गोळ्या पेटीत ठेवू नका. रॉकेलने कोंबडीची कातडी भाजते आणि खुराड्यात आगीची भीती. उसावर किंवा भाजीवर फवारायची औषधं कोंबडीवर कधीही मारू नका. कोंबडी मरते, वाचली तर विष अंड्यात उतरतं आणि ती अंडी आपलीच पोरं खातात.

कडुलिंबाची धुरी द्यायची तर खुराडं रिकामं असताना. कोंबडीची फुप्फुसं फार नाजूक असतात.

नवी कोंबडी आली की

आठवडा बाजारातून आणलेली तलंग, पाहुण्यांनी दिलेला कोंबडा, किंवा बंगळूरच्या कृषी विद्यापीठात तयार झालेल्या गिरिराज जातीची पिल्लं, काहीही असो, तीन आठवडे वेगळं ठेवा. दिसायला टवटवीत असली तरी. ज्या पाटीतून आणलं ती पाटी परत खुराड्याजवळ नेऊ नका. चिमण्या आणि उंदीरही माइट आणतात, म्हणून खिडकीला बारीक जाळी आणि दाणा झाकून.

डॉक्टरांकडे कधी

तुरा पांढरा पडलेला, कोंबडी मान टाकून बसलेली, पिल्लं एकामागून एक मरत असतील, किंवा पंखाखाली गोचिडी आणि सोबत हिरवी हगवण दिसली तर घरगुती उपायांत दिवस घालवू नका, सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात जा. औषध दिलं तर किती दिवस अंडी खायची नाहीत हे विचारून घ्या. डॉक्टर कन्नड बोलणारे असतील तर चार शब्द कामाला येतात: ऊ म्हणजे हेनु, गोचीड म्हणजे उण्णी, माइट म्हणजे नुसी. आणि कोंबडीला ते कोळी म्हणतात. आपण शेतीत लाल किडीला लाल कोळी म्हणतो, त्यामुळे "कोंबडीला कोळी झालाय" असं मराठी-कन्नड मिसळून सांगितलं तर समोरच्याचा हमखास गोंधळ होतो. नुसी म्हणा.

मृगाच्या आधी

आमच्याकडे, कणकुंबी-जांबोटीच्या बाजूला तर जास्तच, पाऊस लागला की महिना-महिना जमीन कोरडी होत नाही. कोंबड्या लोळायला जागा शोधत हिंडतात आणि श्रावणात उवा दिसायला लागतात. म्हणून वळीव पडायच्या आधी, एप्रिल-मेच्या कडक उन्हात दोन गोणी माती चाळून, वाळवून भरा. एका गोणीत राख वेगळी. तोंड घट्ट बांधून माळ्यावर ठेवा, जमिनीवर ठेवली तर ओल चढते. आषाढात दर आठ-दहा दिवसांनी टायरमधली दमट माती काढायची आणि गोणीतली दोन घमेली ओतायची. कोंबड्यांना गोणीचा आवाज ओळखू येतो, ओतून होईपर्यंत पहिली आत बसलेली असते.